आधी थोरलीला

कमलमावशीनं नातवाला हातात घेतलं नाही, तेव्हा आमच्या घरात तिच्याबद्दल पहिल्यांदा मोठ्यानं बोलणं झालं. तोवर सगळे कुजबुजतच होते. तिची एकुलती एक मुलगी प्रियांका बाळंतपणाला ताडकळसला आली, मुलगा झाला, सव्वा महिना उलटून गेला, तरी आजी काही नातवाला शिवेना. न्हाऊ घालायला शेजारची बाई, टाळू भरायलाही तीच. बाळंतिणीचं मात्र मावशी जीव तोडून करायची. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, कशात म्हणून कमी नाही. पण कुणी बाळ पुढं केलं की दोन्ही हात पदराखाली घेऊन मागं सरकायची. एकदा प्रियांकानं वैतागून बाळ तिच्या मांडीवर ठेवलंच. मावशी किंचाळली. बाळ दचकून रडायला लागलं, बाळाची आईही रडायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी ती मानवतला सासरी निघून गेली.

तिथून तिनं मला फोन केला. "वैदूताई, मम्मीला डोक्याच्या डॉक्टरला दाखव. न्हाईतर मी त्या घरात पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

मी वैदेही, मावशीच्या मोठ्या बहिणीची मुलगी. परभणीत एका शाळेत गणित शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सातवीचा साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला आणखी भुतं हवीत कशाला? पण मावशीच्या घरात कुणीतरी आहे, हे मला फ्रॉक घालायच्या वयापासून माहीत होतं.

तिला सगळे थोरली म्हणायचे. चंद्रभानकाकांची ती पहिली बायको, नर्मदा. बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. वर्षाच्या आत काकांना कमलमावशी दिली. आमच्याकडं बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती, मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली. सवत गळ्यात राहिली म्हणजे घरावर कोपत नाही, असा हिशेब. मग घरात जे काही येईल ते आधी थोरलीला. सणाचं पहिलं पान तिचं, पाडाचा पहिला आंबा तिचा. नवं लुगडं आलं की टाकापुढं ठेवून हळदकुंकू वाहायचं, म्हणजे घडी थोरलीनं मोडली. मग दुसरीनं नेसायचं.

मावशीच्या गळ्यातला टाक झिजून त्याचे नाक-डोळे गेले होते. लहानपणी मी तिच्या कुशीत झोपले की तो माझ्या कपाळाला टेकायचा, गार लागायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. मावशीचा हात एकदम थांबला. "ऐक," ती म्हणाली, "कणगीच्या मागं. बांगड्या." मी म्हणाले, काहीच नाही. ते खोटं होतं. मला ऐकू आल्या होत्या. उंदीर असेल, वारा असेल, मावशीच्या भीतीचा संसर्ग असेल. पण आल्या होत्या. इतकी वर्षं झाली, त्या घरात धान्याच्या कणगीकडं पाठ करून बसायची माझी अजून हिंमत होत नाही.

मावशीला डॉक्टरकडं न्यायला फारसं कठीण गेलं नाही. तिला झोप नव्हती, आणि झोपेचं औषध म्हटल्यावर ती मुकाट्यानं एसटीत बसली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वरच्या मजल्यावर समुपदेशन करणाऱ्या प्राची मॅडमकडं पाठवलं. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, बोलावं लागेल, असं म्हणाले. मावशी जिन्यातच अडून बसली. "मला काय बोलता येतंय वं? वैदू बसंल तर मी बसन." त्यामुळं मी दर वेळी आत बसले. बोलायचं नाही, ही मॅडमची अट होती. माझ्यासारखीला ती शिक्षाच.

प्राची मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सुती ड्रेस, साधी टिकली. मला वाटलं, ही पोरगी काय करणार? पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "कशा आहात, कमलताई?"

"बऱ्या हाव आमी."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

मावशीनं गळ्यातल्या टाकावर बोट ठेवलं. "आमी दोघी."

मॅडमनं मान हलवली, जणू काही दोघी समोर बसल्या होत्या. मग विचारलं, "तुम्हाला खायला काय आवडतं?"

"थोरलीला पुरण आवडतंय."

"आणि तुम्हाला?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर न येणारं पोरगं शेजारच्या बाकाकडं पाहतं, तसं. "मला काय बी चालतंय," ती म्हणाली.

अशा तीन-चार खेपा झाल्या. मावशी यायची, पदराचं टोक पिळत बसायची, दोन वाक्यं बोलायची आणि बसस्टँडवर जाऊन ताडकळसची गाडी पकडायची. मला राहवेना. एकदा मावशीला खाली पाठवून मी मॅडमला म्हणाले, "अहो, तो टाक काढून टाक म्हणून सांगा ना तिला सरळ. सगळं मूळ तिथंच आहे."

"मी सांगितलं तर गळ्यातून निघेलही," ती शांतपणे म्हणाली. "मग घरी जाऊन त्या काय करतील? जिला इतकी वर्षं गळ्यात सांभाळलं, ती आता मोकळी फिरतेय म्हणून झोपायच्याच नाहीत. वैदेहीताई, घाई त्यांना आहे की तुम्हाला?"

मला राग आला. खरं बोललं की येतोच.

पावसाळा संपता संपता एका खेपेला मावशी आपण होऊन बोलायला लागली. मॅडमनं काही विचारलंही नव्हतं. खिडकीबाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं, तेवढंच.

"प्रियांकाच्या आधी मला ल्योक झाला व्हता," मावशी म्हणाली. "सात महिन्याचा झाला. संक्रांतीला मपल्या मायनं साडी धाडली, मोरपंखी. हळदीकुंकवाला बाया दारात येऊन बसल्या. सासू देवळात गेल्ती. मी म्हनलं, येळ व्हायलाय, कुटं टाकापुढं ठेवत बसू. तशीच नेसले. घडी मीच मोडली. बाया म्हनल्या, लय शोभतीय वं कमल तुला. मला लय चांगलं वाटलं." पुढचं ती भिंतीला सांगितल्यासारखं बोलली. "तिसऱ्या दिसी लेकराला ताप आला. शुक्रवारी गेलं. थोरलीनं नेलं. मी साडीपाई लेकरू खाल्लं."

मावशीला एक मुलगा होऊन गेल्याचं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. माझ्या आईलाही माहीत नव्हतं. तीस वर्षं ही बाई आमच्या लग्नांत पंगती वाढत होती, बारशांत पाळण्यापासून लांब उभी राहत होती, आणि आम्ही तिला तुसडी म्हणत होतो.

प्राची मॅडमच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं ते लपवलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कमलताई, हीच गोष्ट प्रियांकाच्या बाबतीत झाली असती आणि तिनं येऊन तुम्हाला सांगितली असती, तर तुम्ही तिला काय म्हणाला असता?"

मला वाटलं आता मावशी विरघळेल. शाळेत होणाऱ्या व्याख्यानांत असंच सांगतात. मावशीनं डोळे कोरडे करून सांगितलं, "तिला बी हेच म्हनले असते. चुकलीस."

बाहेरचं बाळ एव्हाना झोपलं असावं.

"थोरल्या बाई स्वभावानं कशा होत्या?" मॅडमनं मग अगदी सहज विचारलं.

"कडक."

"कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे... सासू म्हनायची, तिला चालत न्हाई, ती खवळंल."

"त्यांना जवळून ओळखणारं आता कुणी आहे?"

मावशी विचारात पडली. होतं. चुडाव्याला नर्मदेचं माहेर. आई-वडील गेले, पण मोठी बहीण बायनाबाई नवऱ्यामागं माहेरीच येऊन राहिली होती. आमच्यात दुसरी बायको पहिलीच्या माहेरची लेक होते. पहिली दोन वर्षं दिवाळीला मावशी चुडाव्याला गेली होती, त्यांनी साडीचोळीही केली होती. लेकरू गेल्यावर तिनं जाणं सोडलं. थोरलीच्या माहेराला तोंड कसं दाखवायचं? आणि खरं म्हणजे भीती. जिच्या गळ्यातल्या टाकाला इतकं भ्यायचं, तिच्या घरात पाऊल टाकायचं म्हणजे वाघाच्या गुहेत स्वतःहून शिरणं.

"जाऊन याल का?" मॅडम म्हणाली. "काही मागायला नाही. फक्त विचारायला, त्या कशा होत्या."

जायला मावशीनं दिवाळी उलटवली. मग एका रविवारी मी ताडकळसला जाऊन तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि पूर्णेवरून चुडाव्याला निघाले. वाटभर तिनं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की घरी गेल्यावर पाहिलं तर बोटं उमटली होती.

बायनाबाई अंगणात पोत्यावर बसून लसूण सोलत होत्या. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. मी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मावशीला हातानं खाली बसवलं आणि चेहरा चाचपायला लागल्या. हनुवटी, मग गळा. बोटं टाकावर येऊन थांबली.

"आलीस व्हय गं नर्मदे," बायनाबाई म्हणाल्या. "किती दिसांनी आलीस."

भर दुपार होती. तरी माझ्या अंगावर काटा आला. मावशी उठून पळणार असं मला वाटलं, पण म्हातारीनं टाक धरून ठेवला होता.

"मी कमल हाव, आक्का," मावशी कशीबशी म्हणाली. "धाकली."

"ठावं हाय मला. आंधळी हाव, येडी न्हाई. तिला बी बोलले अन् तुला बी बोलले." त्यांनी टाक सोडला आणि सूनबाईला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

मावशीनं पिशवीतून डबा काढला. पहाटे उठून तिनं पुरणपोळ्या केल्या होत्या. "थोरलीच्या आवडीच्या," ती म्हणाली.

बायनाबाईंनी पोळी हुंगली आणि खो खो हसायला लागल्या. "पुरण? आगं, नर्मदीला गोडाचा वास बी सहन व्हत न्हवता. सणाच्या दिसी उपाशी उठायची, माय मारायची तिला. ठेचा अन् चिंचा, एवढंच तिचं खानं. कुनी सांगितलं तुला पुरण?"

कुणी सांगितलं होतं? सासूनं. तीस वर्षं ही बाई प्रत्येक सणाला आधी टाकाला पुरण भरवत होती, आणि थोरली बिचारी तीस वर्षं तोंड वाकडं करून बसली असणार. मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. मावशी हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "कशी व्हती ती?"

"कशी असंल? लेकरू व्हती. सतरा भरले न्हवते मेली तवा. अंधाराला लय भ्यायची. परसाकडं जायचं तर मला उठवायची, आक्का चल, आक्का चल. लगीन लागलं तवा खेळ टाकून उठली."

"सतरा?" मावशी म्हणाली.

"सतरा न्हाई, सोळा सरून गेल्ते. कामून?"

मावशीनं शेवटी ते म्हटलंच, त्या अंगणात, लसणाच्या सालपटांत बसून. साडीचं, तापाचं, शुक्रवारचं. "तिनंच नेलं न्हवं, आक्का, मपलं लेकरू?"

म्हातारीचं हसू मावळलं. "ती कशाला नेईल माय? तिला सोताचं सांभाळता आलं न्हाई, तुपलं नेऊन काय करंल? तिचे दिस भरले तवा मी गेल्ते तिकडं. दोन दिस अडली व्हती. आक्का, मला दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या, म्हनून वरडायली व्हती. तुपली सासू म्हनली, सुईण हाय, इतक्या बाया बाळंत व्हत्यात, हिलाच काय सोनं लागलंय. मी परक्याची, मी काय करनार? मपल्या मांडीवर गेली."

निघताना बायनाबाईंनी सूनबाईकडून मावशीची ओटी भरवली आणि मूठभर चिंचा हातात दिल्या. कुणासाठी ते सांगितलं नाही.

पूर्णेजवळ तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "थांब. मला भूक लागली."

मावशीला भूक लागल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या गाड्यावर बाकावर बसलो. काय घेऊ विचारलं, तर म्हणाली, तिखट कायतरी. मिरचीची भजी आली. तिनं सवयीनं पहिला तुकडा मोडून टाकाला लावला, आणि पुटपुटली, "खा. तुला तिखट लागतंय न्हवं." मग स्वतः खायला लागली. नाकातून पाणी येईतोवर खाल्ली. मी गणिताची बाई, पण त्या बाकावर आम्ही तिघी बसलोय असं मला वाटत होतं आणि त्यातली तिसरी सोळा वर्षांची होती, माझ्या दहावीच्या पोरींएवढी.

"वैदू," मावशी म्हणाली, "प्रियांकापेक्षा दहा वर्सांनी लहान गं ती. मी लेकराला भ्यायले इतकी वर्सं."

"हो."

"अन् मी तवा इक्कीस वर्साची. मी बी लेकरूच व्हते की वं." ती आपल्याच गुडघ्यावर हात फिरवत होती, पोराला झोपवताना फिरवतात तसा. "त्या मॅडमनं इचारलं व्हतं, प्रियांकानं येऊन सांगितलं असतं तर. खोटं बोलले मी. पोटाशी धरलं असतं मी तिला. मला कुनी धरलं न्हाई, म्हनून मला राग आल्ता."

मी तिला जवळ घ्यायला गेले, पण तिनं हात वर करून मला थांबवलं. तिला आणखी काही सांगायचं होतं आणि ते नीट जुळत नव्हतं.

"बायनाआक्का म्हनली न्हवं, नर्मदी दवाखान्यात न्या म्हनून वरडत व्हती? तवा मला एकदम आठवलं. मी बी म्हनले व्हते. लेकराचा ऊर धापायला लागला, तवा मी म्हनले व्हते, पूर्णेला न्या, दवाखान्यात न्या. सासू म्हनली, आधी थोरलीला शांत करू, शुक्रवारी निवद दाखवू, मंग बघू." तिनं माझा हात धरला. "म्हनले व्हते का गं मी? का आता मला तसं वाटायलंय? सोताला सोडवायला मन काय बी रचतंय."

म्हणाली असणारच, असं मला म्हणायचं होतं. पण मी तिथं नव्हते. सासू सरजाबाई मरून बारा वर्षं झाली होती. मावशी खरोखर म्हणाली होती की नाही, हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते ताडकळसला घरी होतं.

चंद्रभानकाका ओट्यावर फवारणीच्या पंपाची नळी बसवत होते. कमी बोलणारा माणूस. वाईट म्हणावा असा नाही. आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही, आणि आई गेल्यावर कुणाच्याच शब्दात राहिला नाही. मावशी स्कूटीवरून उतरली ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"एक इचारायचंय."

"इचार की."

"लेकराला ताप आल्ता, तवा मी दवाखान्यात न्या म्हनले व्हते का न्हाई?"

काकांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, एवढ्या जुन्या गोष्टी कुणाला आठवतात.

"म्हनली व्हतीस," ते म्हणाले.

"किती येळा?"

"दोनदा. एकदा मायला, एकदा मला."

"मंग तुमी काय म्हनले?"

"मी म्हनलं, माय म्हनायली तसं करू."

मावशी ओट्याचा खांब धरून उभी होती. तिचा आवाज मोठा झाला नाही. "तीस वर्सं मी म्हनायले, मी खाल्लं लेकरू. तुमच्या देखत म्हनायले. तुमी एकदा बी सांगितलं न्हाई?"

काकांनी नळी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू कधी इचारलं न्हाईस."

ती ओरडेल, किंवा पंप उचलून फेकेल, असं मला वाटलं. माझ्या हातात असता तर मी फेकला असता. मावशी त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"आता इचारायले," ती म्हणाली. "पयल्यापून सांगा. मला चांगलं वाटंल म्हनून काय बी लपवू नका, अन् मायला बी झाकू नका."

मी निघायला वळले. मावशीनं मान न वळवताच मला बस म्हणून खुणावलं, आणि मी पायरीवर टेकले. काकांनी दोन वेळा घसा साफ केला.

"सकाळी योगीराज दूध पीना," ते म्हणाले.

बाळाला नाव होतं, हे मला तेव्हा कळलं.